कडू घासावरचं तेल

आमच्या घरात तेलाला नाव नव्हतं. चहाच्या पुड्याला होतं, साबणाला होतं, आबांच्या विडीच्या कट्ट्यावर तर नाव आणि चित्र दोन्ही होतं, पण तेल म्हणजे नुसतं तेल. सोनगीरला हायवे सोडून किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर, आणि घराला लागूनच आबांचा घाणा. उखळ लाकडाचं, त्यात फिरणारी लाट लाकडाची, फक्त बैलाच्या जागी आबांनी मोटर बसवून घेतली होती. लोक आपापले शेंगदाणे नाहीतर तीळ पोत्यात घालून आणायचे, सावलीला बसून पाळी येईपर्यंत गावभरच्या गप्पा हाणायचे आणि जाताना किटलीत तेल नि पाटीत पेंड घेऊन जायचे. सकाळी लाट फिरायला लागली की तिची कुरकुर दिवेलागणीपर्यंत चालायची. मी पाढे त्या आवाजात पाठ केले. वीज गेली आणि तो थांबला की मला अभ्यास सुचायचा नाही, मी उगाच उठून दारापर्यंत जाऊन यायची. घरातल्या प्रत्येक वस्तूला तेलाचा वास होता, आबांच्या टोपीला, गोधड्यांना, माझ्या वह्यांना. धुळ्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्याकडे रोज तळण असतं का? मी हो म्हणून मोकळी झाले.

खाण्यातही तेच. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर कच्चं तेल, खिचडीवर तेल, ठेच्यात खळगा करून त्यात तेल. पाहुण्याला वाढताना आबा तेलाचं भांडं स्वतः हातात घ्यायचे आणि पाहुणा नको नको म्हणेपर्यंत ओतायचे. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत हा माणूस उधळा नव्हता. बोलण्यात तर फारच कंजूस. माय होती तोवर घरातलं बोलणं सगळं तिच्याकडे होतं, आणि ती गेल्यावर ते काम कुणीच अंगावर घेतलं नाही. मी एकुलती एक, बोलणार तरी कुणाशी? मग मी लिहायला लागले.

माय गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सकाळीच गेली. घाणा त्या दिवशी सुरूच झाला नाही, आणि मला रडण्याआधी ती शांतता कळली, असं आता वाटतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून कडू घास येतो. फोडणी नाही, गोड नाही, कढई तर सुतक फिटेपर्यंत चढायचीच नाही. शेजारच्या सीताअक्कांनी भाकरी आणि बिनफोडणीचं वरण आणलं होतं. बायका मला म्हणत होत्या, खा बाई, दोन घास खा. माझ्या घशाखाली काही उतरेना. तेव्हा भिंतीशी बसलेले आबा उठले, घाण्याच्या खोलीत गेले आणि उखळात आदल्या दिवशीचं राहिलेलं तेल वाटीत घेऊन आले. कुणीतरी म्हातारं माणूस कुरकुरलं, सुतकात घाण्याला हात लावू नये. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या भाकरीवर वाटी रिकामी केली आणि मी खाईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले. त्यांनी स्वतः त्या दिवशी काही खाल्लं नाही. मला आयुष्यात कुणी इतकं जीव लावून वाढलं असेल तर ते त्या एका दिवशी.

एकोणीस वर्षांची झाल्यावर मी ही गोष्ट लिहिली. ‘कथा’ म्हणून लिहिली, पण बदललं फार थोडं. धुळ्याला आम्हाला मराठी शिकवणारे एक सर होते. उंच, किडकिडीत, खडूने माखलेल्या बाह्या, आणि दरवर्षी कर्ज काढल्यासारखा चेहरा करून दिवाळी अंक काढायचे. लिहिणाऱ्या मुलामुलींना ते एकच गोष्ट घोकून घोकून सांगत. वस्तूला नाव द्या. तुमचा माणूस विडी ओढतो, तर कुठली ओढतो? सायकलवर बसतो, तर सायकल कुठल्या कंपनीची? नुसती विडी, नुसती सायकल म्हणजे धुकं, त्यात वाचक चाचपडतो. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. सरांनी माझी कथा वाचली, दोनदा वाचली म्हणाले, आणि ह्या वर्षीच्या अंकात पहिली कथा म्हणून घेतो असं सांगितलं. त्या दिवशी धुळ्याहून सोनगीरला येताना एसटीत मला जागा मिळाली असूनही मी उभीच राहिले, बसवेनाच.

मग जळगावची फेरी झाली. अंकाच्या मागच्या पानाची जाहिरात दरवर्षी ज्यांच्याकडून यायची त्यांनी ह्या वेळी हात आखडता घेतला होता, आणि सरांना जळगावचे एक तेलाचे कारखानदार कुणीतरी सुचवले होते. सर म्हणाले, तूही चल, लेखिका बघितली की माणूस नरमतो. शेठजी मारवाडी, घराणं राजस्थानातून आलेलं, पण त्यांचा जन्म जळगावचा. त्यांचं तेल पत्र्याच्या बंद डब्यात यायचं, डब्यावर हरणाचं चित्र. नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुष्कळ झालं. आमच्या गावात सगळे त्याला हरणाचं तेलच म्हणायचे, आणि ते गावात यायला लागल्यापासून घाण्यासमोरची रांग आखडत चालली होती. आबा त्याबद्दल बोलत नसत. दुपारचेच मोटर बंद करून बसायचे एवढंच.

शेठजींनी आम्हाला चहा दिला, चिवडा दिला, माझ्याशी फार अदबीने बोलले. जाहिरात देतो म्हणाले, पण जाहिरातीचं पान कोण वाचतं? लोक पान उलटतात. लोक वाचतात ती कहाणी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बेटी, तुमच्या कहाणीत जेवण आहे का?” सर घाईघाईने म्हणाले, आहे ना, महत्त्वाचा प्रसंगच जेवणाचा आहे. “आणि त्यात तेल येतं?” सर म्हणाले, भाकरीवर तेल वाढतात. “मग झालं,” शेठजी म्हणाले. “तेल वाढतातच, तर कोणतं ते लिहायला काय हरकत?” नाव तीन ठिकाणी यावं, त्यातलं एक त्या जेवणाच्या ठिकाणी, एवढीच त्यांची अट. जेवण कसलं, हे त्यांनी विचारलं नाही. सरांनी सांगितलं नाही. मीही नाही. मला नंतर कित्येकांनी विचारलंय, तुमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही? नाही आलं. सरांना अंक दिसत होता, शेठजींना डबा दिसत होता आणि मला पहिल्या पानावर माझं नाव दिसत होतं. पुढ्यातलं ताट कुणी बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर सर फार खुशीत होते. म्हणाले, मी सांगतच होतो, नाव घातल्याने खरेपणा येतो, बघ, बाजारालाही तेच हवंय. मला हसू आलं नाही, पण मी मान डोलावली. दोन ठिकाणं सोपी होती. दुकानाच्या पाटीवर एकदा, आणि रिकाम्या डब्यात लावलेल्या तुळशीच्या वेळी एकदा. तिसऱ्या ठिकाणी मी दोन दिवस अडले. घाणा आणि हरणाचा डबा एका घरात कसा नांदणार? शेवटी मी घाणाच काढून टाकला. कथेतल्या बापाला शेतकरी केलं. तो उठतो, कोपऱ्यातला डबा उघडतो, डब्यावरचं नाव मुलीला भरल्या डोळ्यांनी वाचता येत नाही, तरी ती अक्षरं जुळवत राहते, आणि बाप तिच्या भाकरीवर तेल ओततो. लिहून झाल्यावर वाचलं तर वाक्यं चांगली जमली होती. हे मला आजही टोचतं. वाईट लिहिलं असतं तर निदान हात तरी कचरला म्हणता आलं असतं.

मध्यंतरी सावद्याच्या एका तरुणाचा मला फोन आला. केळीच्या वेफर्सचा धंदा आहे त्याचा. मॅडम, तुमच्या पुढच्या गोष्टीत एखादं पात्र आमचे वेफर्स खाताना दाखवाल का, आजकाल सगळेच करतात, म्हणाला. खोटं नाही ते. शेजारची मुलगी मोबाइलवर मालिका बघते, त्यात नवराबायको घटस्फोटाचं बोलत असतात आणि बिस्किटाच्या पुड्याचं तोंड बरोबर आपल्याकडे असतं. मुलगा गोड बोलला. मी त्याला रागावले नाही, वेफर्स मात्र पाठव म्हणाले. पण फोन ठेवला आणि दिवसभर घरात ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. म्हणून आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहायला घेतलं, नाहीतर गाळणार होते.

अंक दिवाळीच्या आधी आठवडाभर हातात पडला. माझी कथा पहिली. मागच्या पानावर हरीण. आबांनी अंक उलटासुलटा करून बघितला, हरणावर त्यांची नजर थोडी थांबली, पण जाहिरात ती जाहिरात. आबा दुसरीपर्यंत शिकलेले, एसटीची पाटी वाचायचे, बारीक छापलेलं पान त्यांच्या आवाक्याबाहेरचं. घाण्यावर आलेल्या प्रत्येकाला ते आठवडाभर सांगत होते, विमलनं लिखेल छापी उनं, म्हणजे माझं लिहिलेलं छापून आलं. संध्याकाळी मोटर बंद केली, माणसं जमवली, सीताअक्कांना बोलावणं पाठवलं, आणि मला म्हणाले, वाच.

मी वाचायला लागले. पहिल्याच पानावर बाप शेतकरी होता, मी तो तोंडातल्या तोंडात घाणेवाला केला. दुकानाची पाटी गाळली. तुळशीचा डबा नुसता डबा केला. ते ठिकाण जवळ यायला लागलं तशी माझी बोटं पानावर घसरायला लागली, इतका घाम. आणि मग मी पानावर बघत बघत, पानावर नसलेलं वाचलं. बाप उठला, घाण्याच्या खोलीत गेला, उखळात राहिलेलं तेल वाटीत घेऊन आला. मूळ कथेतलं मला सगळं पाठ होतं. सीताअक्का पदराने डोळे पुसायला लागल्या. आबा उठून मोटरीजवळ गेले आणि काही कारण नसताना पट्टा चाचपत उभे राहिले. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! दुसऱ्या संध्याकाळी आबा पुन्हा म्हणाले, वाच. नवीन माणसं आली होती. तिसऱ्या दिवशी माणसं नव्हती, तरी म्हणाले, वाच, ते वाटीनं वाच, म्हणजे वाटीतल्या तेलाचं. मी अंक घाण्यावर ठेवू देत नव्हते. तेलाचे हात लागतील म्हणून सांगितलं, आणि ते त्यांना पटलं. दप्तरात ठेवायची, दप्तर उशाशी घ्यायची. गावात वाचणारे काही कमी नव्हते. कुणी पोरगं अंक मागायला आलं की मी हातातलं काम टाकून आधी दप्तर गाठायची. धुळ्याला गेले की स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर आमचे किती अंक उरलेत ते बघायची, आणि एकही खपू नये असं मनात म्हणायची. स्वतःची पहिली कथा खपू नये म्हणून देवाला हात जोडणारी लेखिका दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. अभ्यंगस्नान झालं, करंज्या झाल्या, त्या कशा लागल्या ते मला आठवत नाही.

सगळ्यात मोठी धास्ती नानांची. नाना म्हणजे आमच्या पलीकडचे निवृत्त गुरुजी, घाण्यावर रोज पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. दिवाळीला ते नरडाण्याला लेकीकडे गेले होते म्हणून मी वाचले होते. भाऊबीज झाल्यावर ते परत आले, आणि त्यांच्या पिशवीतून आमचा अंक डोकावत होता. जावयाने विकत घेऊन दिला म्हणाले. मी दारातच त्यांना गाठलं, वाचली का म्हणून विचारलं. ते म्हणाले, वाचली, भाषा चांगली शे तुन्ही. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि घाण्याकडे गेले. मी तासभर परसात कपडे धूत राहिले, धुतलेलेच पुन्हा धुतले. आत गेले तर आबा नेहमीसारखे पेंड भरत होते. संध्याकाळी म्हणाले, वाच. म्हणजे नानांनी काही सांगितलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी आवाजात चढउतार करून वाचलं.

पुढचे आठ-दहा दिवस हाच क्रम. आबा ऐकायचे. मग एके सकाळी घाण्यासमोर मोटारगाडी थांबली. सर आणि शेठजी. सरांचा चेहरा उतरलेला. मला बघून त्यांनी हाताने नकार दिल्यासारखं काहीतरी केलं, मी पळून जावं असं त्यांना सुचवायचं असावं. शेठजी पोत्यावर बसले. ओरडले नाहीत, तो माणूस ओरडणारा नव्हताच. “भाऊ, तुमच्या मुलीने माझं तेल मयताच्या घरात वाढलं. ऐन दिवाळीत. बायका दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ते कडू घासाचं तेल नको, आम्हाला करंज्या तळायच्यात. मी काय सांगू त्यांना?” मग कळलं की जळगावात कुणी हौशी बाईने भिशीत कथा वाचून दाखवली, बायका रडल्या, आणि रडता रडता तेल लक्षात ठेवलं. जाहिरात हवी तशी झाली होती. नाव घरोघरी पोचलं होतं.

आता आबा विचारणार, कुठलं तेल? कसलं नाव? आबांनी काहीच विचारलं नाही. पेंडीचे हात झटकले आणि शेठजींसमोर उकिडवे बसले.

“शेठ, ते तेल तुमनं नव्हतं,” आबा म्हणाले. “त्या दिन मन्हा घरमा मन्हाच घाणानं तेल व्हतं. बजारमा सांगी द्या, कडू घासवर सोनगीरना घाणानं तेल व्हतं. मन्हं नाव सांगा.”

दिवाळीनंतरचा अख्खा हंगाम आबांच्याही पुढे होता, हे शेठजींना धंदेवाला म्हणून कळलं असणार. त्यांनी विचारलं, भाऊ, तुमची गिऱ्हाइकं? आबा म्हणाले, आमना गावनी बठ्ठी माणसं त्या दिन घरमा व्हतीत, त्यासले नवं काय सांगनं. खरंच, सगळं गाव त्या दिवशी आमच्या घरात होतं. शेठजी उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागावलेला हात नव्हता तो. उरलेल्या अंकांत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायचं ठरलं, सरांनी ती स्वतः लिहिली आणि त्यात घाण्याला नाव काय द्यावं हे न सुचून ‘सोनगीर येथील घाणा’ एवढंच छापलं. किती अंकांत ती चिकटली देव जाणे.

गाडी गेल्यावर आबांनी मोटर सुरू केली नाही. मला रागावतील म्हणून मी उभी होते, रागवावं असं मला मनापासून वाटत होतं. ते माठातलं पाणी प्यायले, मलाही दिलं. मी म्हणाले, मन्ही चुकी व्हयनी. चूक झाली, हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. मग मला जे कळत नव्हतं ते विचारलं, तुम्हाला धक्का कसा नाही बसला?

“नाना नरडाणाथून उना, त्याच दिन त्यानी माले बठ्ठं वाची दखाडं व्हतं,” आबा म्हणाले.

म्हणजे त्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. डबा ठाऊक होता, डब्यावरचं नाव ठाऊक होतं, शेतकरी बाप ठाऊक होता. मी कारण विचारलं, मंग माले रोज वाचाले कसाले सांगेत?

आबांनी पेला पालथा घातला. “रोज वाटे, आज तू तठे थांबशी.”

मी त्या वाटीपाशी एकदाही थांबले नव्हते. उलट शेवटी शेवटी तर ते मला फार छान वाचता यायला लागलं होतं.